लाडवांच्या डब्यातली माती

संत्र्याची झाडं ताणावर सोडली की आमच्या बगीच्याला एक वास येतो. सुकत चाललेल्या पानांचा, तापलेल्या मातीचा, थोडा कडवट. ज्यांनी ताण पाहिला नाही त्यांना सांगते. मृग बहार घ्यायचा असेल तर मे महिन्यात झाडांचं पाणी तोडतात. पुरतं तोडतात. वर ऊन असं की ठिबकच्या नळ्या हाताला पोळतात, आणि त्या उन्हात हिरवीगार झाडं उपाशी ठेवायची. पानं मलूल होतात, कडा आत वळतात, काही गळून पडतात. मग पावसाच्या तोंडावर पाणी सोडायचं, की झाड वेड्यासारखं फुलतं. लहानपणी मी बाबांशी यावरून भांडायचे. बाबा म्हणायचे, झाडाले भेव वाटलं पायजे, मंग थे फुलते. मला हे तेव्हाही पटलं नव्हतं आणि आज अठ्ठेचाळीसाव्या वर्षीही पटत नाही. पण खाल्ली त्याच झाडांची संत्री, हेही खरं.

यंदा शाळेला सुट्ट्या लागल्या तशी मी अकोल्याहून निघाले. नोकरी बार्शीटाकळीला, भूगोल शिकवते, राहते अकोल्यात. अमरावतीला गाडी बदलायची, वरूडला पुन्हा बदलायची, आणि शेंदूरजनाघाटाच्या फाट्यावर उतरेपर्यंत तोंडात धूळ. बाबा बगीच्यातल्या खोलीतच राहतात. आई गेल्यापासून त्यांना गावातलं घर नको वाटतं. त्यांनी मला पाहून फक्त माठाकडे बोट दाखवलं. पाणी पिऊन मी झाडांत गेले आणि तो वास आला. आधी आवडायचा मला. मागच्या मेपासून त्याची भीती वाटते.

मागच्या मेमध्ये सीमेवरच्या लढाईचे ते चार दिवस आले तेव्हा मी इथेच होते. सगळ्या देशानं ते चार दिवस टीव्हीवर पाहिले, आम्हीही पाहिले. नकाशावर लाल बाण इकडून तिकडे जायचे, निळे बाण त्यांना मध्येच गाठायचे, आणि बाण भेटले की एक ठिणगी आणि संपलं. खाली जमीन असते हे त्या नकाशात कुठेच नव्हतं. मी वीस वर्षं मुलांना नकाशे शिकवते आहे, त्यामुळे मला जरा जास्तच चीड आली असेल. माझा धाकटा भाऊ नितीन फौजेत आहे, हवाई संरक्षणाच्या तुकडीत. आभाळातून येणारं आभाळातच पाडायचं, हे त्याचं काम. ते निळे बाण सोडणाऱ्यांत कुठेतरी तो उभा होता आणि त्याचा फोन बंद होता.

व्हॉट्सॲपवर मेसेजना नुसता ऊत आला होता. आमच्या शाळेच्या ग्रुपवर एका सरांनी लिहिलं की आपलं कवच अभेद्य आहे, निवांत झोपा. त्यांचं कोणी तिकडे नव्हतं, ते निवांत झोपले. गावातल्या चौकात पेढे वाटले तेव्हा एकजण बाबांनाही द्यायला बगीच्यात आला. तुमच्या पोरानं आभाळातच फोडलं म्हणे, असं कौतुकानं बोलला. बाबांनी पेढा घेतला, तो खिशात ठेवला, आणि त्याला एकच विचारलं.

"वर फुटलं थे खाली कुठी गेलं?"

तो माणूस पेढ्यांचा पुडा घेऊन निघून गेला. मी भूगोलाची बाई, आणि वर गेलेलं खाली येतं इतकी साधी गोष्ट चार दिवस माझ्या डोक्यात आली नव्हती. मी फक्त नितीन जगावा एवढंच मागत होते, आणि त्यासाठी ते निळे बाण कुठेही पडोत अशी माझी तयारी होती. हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा तसंच होतं.

पाचव्या दिवशी फोन आला. आवाज ठीक होता. बाबांनी त्याला विचारलं, जेवला का. तो म्हणाला, जेवलो. आमच्या घरात ताण तोडायला, म्हणजे झाडांना पुन्हा पाणी सोडायला, दरवर्षी नितीन येतो, त्यासाठी रजा राखून ठेवतो. त्या वर्षी रजा मिळाली नाही. पाऊस जवळ आला तसा बाबांनी मला कॉक उघडायला लावला. पाणी नळ्यांतून सरसरत गेलं आणि दोन दिवसांत पानं सरळ झाली. झाडांना काय, त्यांना पाणी मिळाल्याशी मतलब.

नितीन आला तेव्हा जून संपत आला होता. ट्रंक उतरवली आणि वरून एक डबा काढून माझ्या हातात दिला. तो माझाच डबा होता, संक्रांतीला मी त्यात तिळाचे लाडू भरून पाठवले होते. आमच्याकडे कोणाचा डबा रिकामा परत करत नाहीत. चिमूटभर साखर का होईना, घालून देतात. मला वाटलं तिकडची मिठाई असेल. डबा चांगलाच जड होता. मी झाकण उघडलं तर आत माती.

माती अशी की बोटांतून पिठासारखी सुटत होती. फिकट, भुरी, वाळू मिसळल्यासारखी. आमची काळी माती ओली असली की चप्पल सोडत नाही, सुकली की तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ही तशी नव्हती. वास मात्र विचित्र होता, जळक्या रबरासारखा, आणि त्यात काहीतरी आंबट. मी झाकण लावून टाकलं.

मग त्यानं तुकड्या तुकड्यांनी सांगितलं, दोन दिवस लागले त्याला सांगायला. त्या चार दिवसांत त्यांनी पाडलेल्या क्षेपणास्त्रांपैकी एक सीमेजवळच्या एका वावरात पडलं होतं. त्यांनी पाडलेलं होतं की पाडायला सोडलेलं होतं, हे त्यालाही सांगता येत नव्हतं, दोन्हींचे तुकडे एकत्र पडले होते. गहू निघून गेलेला, वावर मोकळं, त्यामुळे माणूस कोणी मेलं नाही. तुकडे गोळा करायला जी माणसं गेली त्यांत नितीन होता. खड्ड्याभोवतीची माती पिवळी पडली होती आणि तिच्यातून दुसऱ्या दिवशीही धूर निघत होता. वावराचा मालक एक म्हातारा सरदारजी. तो बांधावर बसून होता, त्यानं यांना पाणी पाजलं, आणि काम संपल्यावर नितीनला विचारलं, बेटा, इथे पुन्हा उगवेल का.

"मी म्हटलं, उगेगा, अंकल. क्यूं नहीं उगेगा." नितीन हे सांगताना डब्याकडे पाहत होता. "बाबा, मले काय ठाऊक होतं उगवते का नाही? मी काहून म्हटलं असं?"

का म्हटलं ते मला ठाऊक होतं, आणि बाबांनाही. बाबांनी आम्हाला लहानपणापासून शिकवलंय, दुसऱ्याच्या वावरात पाय ठेवला की त्याच्या वावराबद्दल चांगलं बोलायचं. पीक कसंही असो, वावर चांगलं हाये म्हणायचं आणि मगच पुढचं बोलणं. कोणाच्या मातीत उभं राहून त्या मातीला वाईट म्हटलं की ती रुसते, असं बाबा सांगायचे. आम्ही दोघं बहीणभाऊ आजही कुणाच्या शेतात गेलो की तोंडातून आपोआप तेच निघतं. नितीनच्या तोंडून तिकडेही तेच निघालं. गणवेश अंगावर, हातात जळक्या पत्र्याचे तुकडे, आणि तोंडात बाबांची शिकवण. म्हाताऱ्यानं त्याला फौजेचं उत्तर समजून घेतलं असेल. निघताना नितीननं त्याचा नंबर घेतला आणि कुणाला न सांगता डबाभर माती.

त्यातली मूठभर मी अकोल्याला नेली. माती तपासणीच्या प्रयोगशाळेत अर्ज भरताना शेतकऱ्याचं नाव म्हणून बाबांचं नाव घातलं. तिथल्या माणसानं पुडी उघडली, बोटांत चोळली आणि म्हणाला, मॅडम, ही माती आपल्याकडची नाही. मी म्हटलं, नातेवाइकांची आहे. महिन्यानं कागद आला. सामू इतका, नत्र मध्यम, पालाश भरपूर, शेणखत टाकावे. मी तो कागद घेऊन रस्त्यावरच हसत सुटले, मग रडू आलं. आम्हाला जे विचारायचं होतं त्यासाठी त्या कागदावर रकानाच नव्हता. दोष त्या माणसाचा नाही. त्याच्याकडे सोयाबीन आणि कपाशीवाले येतात, त्यांच्या मातीवर आभाळातून काही पडलेलं नसतं.

बाबा कागदासाठी थांबलेच नव्हते. आमच्याकडे पेरणीच्या आधी घरोघरी बियाणं तपासतात. शंभर दाणे मोजून घ्यायचे, ओल्या बारदान्यावर दहाच्या दहा ओळी मांडायच्या, गुंडाळी करून सावलीत ठेवायची आणि सहा-सात दिवसांनी किती उगवले ते मोजायचं. सत्तरच्या वर आले तर पेरायचं. बाबांनी तेच केलं, फक्त बारदान्याऐवजी दोन घमेली घेतली. एकात आपली काळी माती, दुसऱ्यात डब्यातली. दोन्हींत सोयाबीनचे शंभर शंभर दाणे, बोटानं टोकून, दहाच्या दहा ओळी. नितीन खोलीच्या दारात बसून पाहत होता. त्यानं मदत केली नाही आणि बाबांनी मागितलीही नाही.

काळ्या मातीत पाचव्या दिवशी माना वर आल्या, सातव्याला शहाऐंशी मोजले. दुसऱ्या घमेल्यात अकरा. बाबांनी न उगवलेले दाणे उकरून पाहिले. काही फुगून सडले होते, काही तसेच कडक, जणू पाणी त्यांच्यापर्यंत गेलंच नाही. बाबांनी हात धुतले. मग म्हणाले, फोन लाव त्यायले. नितीन लावेना. फौजेतला माणूस, पण एका म्हाताऱ्याला फोन लावायला त्याची हिंमत होईना. मी त्या रविवारी आले होते, मी लावला आणि बाबांच्या हातात दिला.

बाबांची हिंदी म्हणजे बाजारातली. त्यांनी आधी विचारलं, तब्येत पाणी. मग म्हणाले, "सरदारजी, आपकी मिट्टी में सौ दाने डाले थे हमने. ग्यारह आए. इस साल उतनी जगह छोड़ देना."

तिकडून म्हाताऱ्याचा सावकाश आवाज. "लगा दिया जी, धान तो लगा दिया. आपके बेटे ने कहा था ना, उगेगा."

बाबांनी फोन मला दिला आणि बगीच्यात निघून गेले. नितीन तिथेच होता. त्यानं ते ऐकलं होतं, कारण बाबा फोन नेहमी मोठ्या आवाजावर ठेवतात. त्या दिवसापासून त्याचं जेवण कमी झालं, बोलणं त्याहून कमी. रजा संपायच्या दोन दिवस आधीच गेला.

पोळ्याच्या सुमारास सरदारजींनी फोटो पाठवला. चहूकडे हिरवं धान आणि मधोमध आपल्या खळ्याएवढा गोल, त्यात काहीच नाही. खाली एक अक्षरही लिहिलेलं नव्हतं. मी तो फोटो नितीनला पाठवला नाही, पण तो मला दर फोनवर विचारायचा, ताई, त्यांचा काही निरोप? मी म्हणायचे, नाही. म्हणजे मीही खोटं बोलत होते, आणि मला तर कुणाच्या वावरात उभं असल्याची सबबही नव्हती.

हिवाळ्यात त्याची तुकडी क्षेपणास्त्रांच्या चाचणीसाठी पूर्वेच्या समुद्राकडे गेली. तिथून तो जरा मोकळं बोलायचा. चाचणीच्या दिवशी आसपासच्या गावांतली माणसं दिवसभरासाठी हलवतात, संध्याकाळी परत आणतात. म्हाताऱ्या बाया जाताना गायीपुढे दोन पेंढ्या जास्तीच्या टाकून जातात. कासवं अंडी घालायला किनाऱ्यावर येतात त्या दिवसांत म्हणे चाचण्या थांबवतात, उजेडानं आणि आवाजानं ती बिचकतात म्हणून. हे मी बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, कासवासाठी थांबतात हे लय चांगलं करतात. मग थोड्या वेळानं आपल्याशीच म्हणाले, वावरासाठी कोणी थांबत नाही.

मला या गोष्टीचं सोपं उत्तर कुणी देऊ नये. ते निळे बाण नसते तर लाल बाण कुठे पडले असते, हे मला कळतं. एखादं शहर असतं, दवाखाना असता, किंवा नितीनची छावणी. सरदारजींनाही ते कळत असणार, म्हणून तर त्यांनी पाणी पाजलं. दोन्ही बाजूंनी एकमेकांना भेव दाखवत बसायचं आणि त्यालाच शांतता म्हणायचं, हे शाळेच्या पुस्तकात मोठ्या शब्दांत लिहिलेलं असतं. बाबांना ते शब्द येत नाहीत, पण ताण त्यांना ठाऊक आहे. किती दिवस ताणायचं आणि कोणत्या दिवशी पाणी सोडायचं, यात चार दिवसांची चूक झाली की अख्खी फांदी वाळते. बाबा रोज सकाळी पानं हातात घेऊन बघतात. तिकडे कोण पानं हातात घेऊन बघत असेल, मला माहीत नाही.

फेब्रुवारीत संत्री उतरली तेव्हा बाबांच्या मनात काय आलं कोण जाणे, त्यांनी मला संत्रा बर्फी आणायला लावली आणि त्याच डब्यात भरून सरदारजींना पाठवायला सांगितली. डबा मी तीन वेळा घासला होता, तरी झाकण लावताना मला तो वास आल्यासारखं झालं.

आणि आता या मे महिन्यात तो डबा परत आला. मी पोचले त्याच्या आदल्या दिवशी पार्सल आलं होतं, बाबांनी उघडलं नव्हतं. नितीन यंदा रजेवर होता, माझ्यामागून दोन दिवसांनी पोचला. त्याच्यासमोरच बाबांनी झाकण काढलं. सरदारजींनीही डबा रिकामा पाठवला नव्हता. आत तीच भुरी माती, आणि वर वहीच्या कागदावर हिंदीत एक ओळ, इस बार भी सौ दाने.

बाबांनी घमेलं काढलं. या वेळी दाणे नितीननं मोजले. दहाच्या दहा ओळी, बोटानं टोकून, वर ओंजळीनं पाणी. बगीचा ताणावर, एका झाडाला थेंब नाही, आणि खोलीच्या सावलीत त्या एका घमेल्याला दिवसातून तीनदा पाणी. नितीन सकाळी उठला की आधी तिथे जायचा. तिसऱ्या दिवशी काही नाही. चौथ्या दिवशी एक मान वर आली तर त्यानं मला हाक मारून बोलावलं. सातव्या दिवशी त्यानं दोनदा मोजले. एकतीस.

पेरायला एकतीस पुरत नाहीत. मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी फोन लावला, तब्येत पाणी विचारलं आणि या वेळी फोन नितीनच्या हातात दिला.

"इकतीस, अंकल," नितीन म्हणाला. मग म्हणाला, "मैंने उस दिन आपसे झूठ बोला था."

"पिछले साल ग्यारह थे," सरदारजी म्हणाले. त्यांना आकडा पाठ होता. "झूठ नहीं बोला, बेटा. जल्दी बोल दिया था."

नितीन रडला. मी त्याला आईच्या वेळीही असा रडताना पाहिलं नव्हतं. फोन बाबांनी घेतला. सरदारजींनी सहज विचारलं, मागच्या वर्षीच्या मातीचं काय केलंत. बाबांनी खोलीतल्या फळीकडे पाहिलं. ती माती तिथे खताच्या गोणीत घट्ट बांधून ठेवलेली होती, वर्षभर. बाबांनी तिला एकदाही वाईट म्हटलं नव्हतं, पण आपल्या वावरात पडूही दिलं नव्हतं. मी एकदा टाकते म्हटलं तर माझ्या हातातून घेऊन परत फळीवर ठेवली होती.

"संत्रे के नीचे डाल दी," बाबा म्हणाले.

"चंगा कीता जी," सरदारजी म्हणाले, आणि फोन ठेवला.

नितीन उठला. त्यानं फळीवरची गोणी काढली, डब्यात उरलेली माती आणि घमेल्यातली माती तीत ओतली, ते एकतीस कोंब अलगद बाजूला ठेवले, आणि फावडं घेऊन तिसऱ्या ओळीत गेला. एका झाडाचं आळं उकरून त्यानं ती माती पसरली आणि वरून आपली काळी माती ओढली. बाबा खोलीच्या दारात उभे राहून पाहत होते. मला वाटलं ते हाक मारतील. त्यांनी हाक मारली नाही.

पुढच्या आठवड्यात नितीन ताण तोडेल. सगळ्या झाडांबरोबर तेही झाड फुलेल, फेब्रुवारीत त्याचीही संत्री पिकतील. ती कोण खाणार, हे आम्ही तिघांनी अजून एकमेकांना विचारलेलं नाही.